रक्ताची पिशवी: मागणीच्या चिठ्ठीपासून रुग्णाच्या खाटेपर्यंत

मिरजेच्या रक्तकेंद्रात तंत्रज्ञ म्हणून काम करताना एक वाक्य मी जवळजवळ रोज ऐकले: "साहेब, ओ पॉझिटिव्हच्या दोन बाटल्या पायजेत, गट कार्डावर लिवलाय, तेवढ्या लगेच द्या." बोलणारा माणूस जतहून, आटपाडीहून, शिराळ्याहून किंवा सीमेपलीकडच्या अथणी-रायबागहून आलेला असे; डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये येथे रुग्णालय उभारले, तेव्हापासून या सगळ्या मुलखाची अवघड दुखणी मिरजेच्याच वाटेला लागत आली आहेत. त्याचे माणूस शस्त्रक्रियेच्या टेबलावर किंवा बाळंतपणाच्या खोलीत असे, आणि मी मात्र त्याला तासभर थांबायला सांगत असे. गट माहीत असताना तास कशाला, हा त्याचा प्रश्न रास्त होता; पण खिडकीवरच्या गर्दीत त्याचे नीट उत्तर देणे क्वचितच जमले. ते येथे सविस्तर देत आहे. गट जुळणे आणि रक्त जुळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकीपासून दुसरीपर्यंत पोहोचताना जे काही होते, त्यातला बराच भाग नातेवाइकांच्या डोळ्यांदेखत आणि त्यांच्या हातून होत असतो.

गट म्हणजे काय

तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर काही खुणा असतात, त्यांना प्रतिजन म्हणतात. व्हिएन्ना येथे कार्ल लँडस्टायनर यांनी स्वतःचे आणि प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांचे रक्त घेतले, एकाच्या पेशी दुसऱ्याच्या रक्तद्रवात मिसळून पाहिल्या, आणि काही जोड्यांत पेशींच्या गुठळ्या होतात, काहींत होत नाहीत, हे १९०१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातून ए, बी आणि आज ज्याला आपण ओ म्हणतो तो तिसरा असे गट ठरले. एबी हा चौथा गट पुढच्याच वर्षी त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला. या कामासाठी लँडस्टायनर यांना १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पेशीवरची खूण हा अर्धाच भाग झाला. उरलेला अर्धा भाग रक्तद्रवात असतो आणि घात तोच करतो. ज्याच्या पेशीवर ए ही खूण नाही, त्याच्या रक्तद्रवात ए पेशींवर तुटून पडणारी प्रतिपिंडे असतात. ज्याच्या पेशीवर बी नाही, त्याच्या रक्तद्रवात बीविरोधी प्रतिपिंडे असतात. यासाठी त्या माणसाला पूर्वी कधी रक्त चढलेले असावे लागत नाही. आतड्यातल्या जिवाणूंवर अशाच धाटणीच्या खुणा असतात आणि त्यांच्या संपर्काने जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांतच ही प्रतिपिंडे तयार होऊ लागतात. त्यामुळे ए-बी-ओ गटांत चूक झाली, तर "पहिल्यांदाच चढवलंय, एवढं काय होतंय" असा दिलासा कोणी देऊ नये. पहिल्याच पिशवीचे पहिले काही मिलिलीटरसुद्धा जिवावर बेतू शकतात.

एवढे लक्षात ठेवले की कोणाला कोणाचे चालते हे पाठ करावे लागत नाही. रुग्णाच्या रक्तद्रवात ज्या खुणेविरुद्ध प्रतिपिंडे आहेत, ती खूण असलेली पेशी त्याला द्यायची नाही. ओ गटाच्या रुग्णाकडे दोन्ही प्रतिपिंडे असतात, म्हणून त्याला फक्त ओच्याच पेशी चालतात. हा गट सर्वांना देऊ शकतो म्हणून आपण त्याचे कौतुक करतो, पण घेताना सर्वांत अडचणीत तोच असतो. ए गटाच्या रुग्णाला ए आणि ओ, बी गटाच्या रुग्णाला बी आणि ओ, तर एबीच्या रुग्णाकडे दोहोंपैकी एकही प्रतिपिंड नसल्याने त्याला चारही गटांच्या पेशी चालू शकतात. हे चालणे म्हणजे नाइलाजाची सोय होय. साठ्यात रुग्णाच्या स्वतःच्या गटाची पिशवी असेल, तर रक्तकेंद्र तीच देते.

हा सगळा हिशेब तांबड्या पेशींचा आहे. रक्तद्रव, म्हणजे ज्याला डॉक्टर प्लाझ्मा किंवा एफएफपी म्हणतात, तो द्यायचा असेल तेव्हा हिशेब उलटा होतो: एबीचा रक्तद्रव सर्वांना चालतो आणि ओचा रक्तद्रव फक्त ओच्या रुग्णाला. आपल्याकडे "बाटली" या एकाच शब्दात सगळे येते, पण चिठ्ठीवर पॅक सेल (म्हणजे तांबड्या पेशी) लिहिले आहे, प्लाझ्मा लिहिले आहे की प्लेटलेट्स, हे वाचूनच धावपळ सुरू करावी. डेंग्यूच्या दिवसांत तर "पांढऱ्या पेशी कमी झाल्यात, पांढऱ्या पेशी द्या" अशी मागणी घेऊन लोक येतात. कमी झालेल्या असतात त्या प्लेटलेट्स, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या बिंबिका. पांढऱ्या पेशी ही निराळी गोष्ट आहे आणि या कामासाठी त्यांची पिशवी मागायची नसते.

चिठ्ठी आणि बल्ब

माझ्या मते सर्वांत जास्त लक्ष द्यावे असा टप्पा हाच आहे, आणि सर्वांत कमी लक्ष दिले जाते तेही येथेच. चुकीच्या गटाचे रक्त चढण्याच्या घटना यंत्र बिघडल्याने किंवा औषध चुकल्याने फारशा घडत नाहीत. त्या नाव चुकल्याने घडतात.

एका रुग्णालयातून माझ्याकडे एक बल्ब, म्हणजे रक्ताच्या नमुन्याची छोटी नळी, आला. रुग्ण वाळवा तालुक्यातला, आडनाव पाटील. गट तपासला, बी पॉझिटिव्ह आला. सवयीने जुनी नोंदवही उघडली, तर हाच माणूस चार वर्षांपूर्वी मूळव्याधीच्या रक्तस्रावासाठी आला होता आणि तेव्हा त्याचा गट ए पॉझिटिव्ह नोंदला होता. अस्थिमज्जा बदलण्यासारखा अगदी विरळा प्रसंग सोडला तर माणसाचा गट आयुष्यात बदलत नाही, म्हणून मी पुन्हा तपासले, पुन्हा बीच. वॉर्डात फोन करून नवा नमुना मागवला, तो ए निघाला. झाले होते असे, की त्याच वॉर्डात त्याच नावाचा, त्याच आडनावाचा आणि त्याच तालुक्यातला दुसरा रुग्ण कंबरेच्या हाडाच्या शस्त्रक्रियेसाठी पडून होता. दोघांचे रक्त एका फेरीत काढून बल्ब टेबलावर ठेवले गेले आणि चिकटपट्टीवर नावे नंतर लिहिली गेली. वाळवा तालुक्यात एका नावाचे दोन पाटील एका वॉर्डात असणे यात नवल काहीच नाही.

यातला धोका नीट समजून घ्यावा. जुनी नोंद नसती, तर माझ्याकडे ही चूक पकडण्याचे कोणतेही साधन नव्हते. मी बी गटाची पिशवी काढली असती, बल्बमधल्या रक्ताशी जुळवून पाहिली असती आणि ती उत्तम जुळली असती, कारण बल्बमधले रक्त बी गटाचेच होते. जुळवणीची चाचणी बल्बमधल्या रक्ताची असते; ते रक्त कोणाचे आहे हे तिला सांगता येत नाही. आणि ए गटाच्या त्या माणसाच्या अंगात बी गटाचे रक्त गेले असते. म्हणूनच ज्या रुग्णाची रक्तकेंद्रात आधीची नोंद नाही, त्याचा दुसऱ्या वेळी वेगळा काढलेला नमुना मागण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. असा दुसरा नमुना मागितला तर "पुन्हा टोचायचं कशाला" म्हणून हुज्जत घालू नये.

नमुना घेताना नातेवाईक शेजारी असेल तर त्याने काही गोष्टी डोळ्यांनी पाहाव्यात. रक्त काढण्यापूर्वी रुग्णाला त्याचे पूर्ण नाव विचारले गेले पाहिजे आणि ते त्याच्याच तोंडून आले पाहिजे. बल्बवरची पट्टी खाटेपाशीच लिहिली गेली पाहिजे, कोऱ्या बल्बात रक्त घेऊन तो खिशात किंवा ट्रेमध्ये गेला, तर नम्रपणे पण न संकोचता "सिस्टर, नाव इथंच लिहिता का?" असे म्हणावे. पट्टीवर नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव, वय, आंतररुग्ण क्रमांक, तारीख-वेळ आणि रक्त काढणाऱ्याची सही असावी, आणि मागणीच्या चिठ्ठीवर हे सगळे अक्षरशः तसेच असावे. आपल्या भागात बायकांच्या नावांचा घोळ विशेष होतो: घरात अक्काताई, आधारकार्डावर सासरचे दुसरेच नाव, जुन्या केसपेपरवर माहेरचे आडनाव. रुग्णालयात दाखल करतानाच एक नाव ठरवावे, ते आधारकार्डावरचे असावे, आणि शेवटपर्यंत तेच चालवावे. चिठ्ठीवर एक नाव आणि बल्बवर दुसरे असले, तर रक्तकेंद्र नमुना परत पाठवते. त्यात अर्धा तास जातो, पण तो वाया गेलेला नसतो.

चिठ्ठीवर आणखी दोन प्रश्न असतात, ते बहुधा कोरे सोडले जातात: पूर्वी रक्त चढले आहे का, आणि स्त्री असेल तर गरोदरपणे किती झाली. या दोन्हींमुळे रक्तात नवी प्रतिपिंडे तयार झालेली असू शकतात, म्हणून गर्भपातासकट खरे उत्तर द्यावे. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढले असेल किंवा गरोदरपण असेल, तर जुळवणीसाठीचा नमुना तीन दिवसांपेक्षा जुना चालत नाही. शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली तर नवा नमुना द्यावा लागतो, तो यामुळे.

फोनवरून गट सांगण्याविषयी एक इशारा देतो. आपण हाक मारताना "ए" म्हणतो. "ए, बी पॉझिटिव्ह लागतंय" हे वाक्य पलीकडच्याला "एबी पॉझिटिव्ह लागतंय" असे ऐकू येते, आणि दाता शोधणारी मुले अर्धा दिवस चुकीच्या गटामागे फिरतात. गट नेहमी लिहून पाठवावा, आणि शक्य तर चिठ्ठीचा फोटोच पाठवावा.

तो तासभर

बल्ब हाती आला की आधी गट पुन्हा तपासला जातो; कार्डावर, लायसनवर किंवा शाळेच्या दाखल्यावर काय लिहिले आहे, याला येथे किंमत नसते. तीन बाटल्यांतली द्रावणे वापरतात: निळे अँटी-ए, पिवळे अँटी-बी आणि बिनरंगाचे अँटी-डी (डी ही पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ठरवणारी खूण). रुग्णाच्या पेशींचा थेंब या द्रावणांत मिसळून हलवला, की जुळणारी खूण असल्यास डोळ्यांदेखत रक्त फाटते. दूध नासताना जसे पाणी एकीकडे आणि कण एकीकडे होतात, तसे तांबडे कण एकमेकांना चिकटून बाजूला जमतात. खूण नसेल, तर थेंब एकसारखा तांबडा राहतो. शिबिरात आपल्या बोटातून थेंब घेऊन करतात ती चाचणी येथवरच असते.

रक्तकेंद्रात यापुढे उलट तपासणी होते. रुग्णाचा रक्तद्रव घेऊन त्यात आधीच माहीत असलेल्या ए, बी आणि ओ गटांच्या पेशी घालतात, आणि पेशींवरून काढलेला गट व रक्तद्रवावरून काढलेला गट एकच येतो का, हे पाहतात. दोन्ही उत्तरे जुळली तरच गट लिहायचा. चार महिन्यांच्या आतल्या बाळात स्वतःची प्रतिपिंडे पुरती तयार झालेली नसतात, म्हणून त्याच्या बाबतीत ही उलट तपासणी भरवशाची नसते. तेथे आईचा नमुनाही मागितला जातो, तो अवश्य द्यावा.

मग खरी जुळवणी, म्हणजे क्रॉसमॅच. जी पिशवी द्यायची आहे, तिच्याच नळीतल्या दात्याच्या पेशी आणि रुग्णाचा रक्तद्रव एकत्र करून शरीराच्या तापमानाला, म्हणजे ३७ अंशांना, ठेवतात. काही प्रतिपिंडे पेशीला चिकटतात, पण गुठळी करत नाहीत. ती उघडी पाडण्यासाठी कूम्ब्ज द्रावण वापरावे लागते. हल्ली जेल कार्ड वापरतात. बारीकशा नळीत जेल भरलेली असते. फिरवल्यावर सुट्या पेशी तळाशी जाऊन तांबडे बटण तयार होते आणि गुठळ्या झालेल्या पेशी वरच अडकून राहतात. ए-बी-ओ आणि आरएच या दोनच पद्धती आपण ऐकलेल्या असतात, पण रक्तगटांच्या चाळीसहून अधिक पद्धती ज्ञात आहेत, आणि वारंवार रक्त चढलेल्या रुग्णात त्यांपैकी एखाद्या खुणेविरुद्ध प्रतिपिंड तयार झालेले असू शकते. दोघेही बी पॉझिटिव्ह असूनही पिशवी जुळत नाही, ती यामुळे. थॅलेसेमियाच्या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते. त्यांच्या पालकांनी तर आधीच्या प्रत्येक जुळवणीची चिठ्ठी फाईलला लावून ठेवावी.

हे सगळे करायला पाऊण ते एक तास लागतो. रुग्ण डोळ्यांसमोर रक्तस्रावाने जात असेल, तर डॉक्टर लेखी जबाबदारी घेऊन जुळवणीआधी ओ गटाच्या पेशी मागवू शकतात. मुली आणि मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांसाठी ओ निगेटिव्ह, आणि तुटवडा असल्यास पुरुषांसाठी ओ पॉझिटिव्ह. तो निर्णय डॉक्टरांचा असतो. नातेवाइकांनी घाई म्हणून तो मागू नये आणि भीतीपोटी तो नाकारूही नये.

ओ असून ओ न जुळणारे रक्त

कधी कधी असे होते, की पेशींच्या तपासणीत रुग्णाचा गट ओ येतो आणि ओची एकही पिशवी जुळत नाही. एक नाही, दोन नाही, दहा पिशव्या लावल्या तरी प्रत्येक नळीत गुठळ्याच. त्या वेळी बॉम्बे गटाची शंका घ्यायची असते. हा गट १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखला आणि लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध केला. म्हणून त्याला शहराचे नाव मिळाले.

ए आणि बी या खुणा ज्या पायावर उभ्या राहतात, त्याला एच प्रतिजन म्हणतात. ओ गटाच्या माणसात ए-बी नसले, तरी हा पाया असतो. बॉम्बे गटाच्या माणसात पायाच नसतो, म्हणून नेहमीच्या तीन द्रावणांत तो ओसारखाच दिसतो. पण त्याच्या रक्तद्रवात एचविरोधी प्रतिपिंडे असल्याने ओच्या पेशीही त्याला चालत नाहीत. त्याला फक्त बॉम्बे गटाचेच रक्त द्यावे लागते. भारतात साधारण दहा हजारांत एक असे त्याचे प्रमाण सांगितले जाते आणि महाराष्ट्र-कर्नाटकाच्या पट्ट्यात तो विशेष आढळतो. युरोपात तो लाखांत एखादाही सापडत नाही. हा गुण आई आणि वडील या दोघांकडूनही यावा लागतो. जवळच्या नात्यात लग्ने होतात तेथे तशी शक्यता वाढते, आणि मामाची मुलगी करण्याची रीत आपल्याकडे अजून पुरती गेलेली नाही.

म्हणून ओ गटाच्या कोणाही रुग्णाची जुळवणी वारंवार फसली, तर नातेवाइकांनी "अँटी-एच लावून पाहिलं का?" हे जरूर विचारावे. गट बॉम्बे निघाला, तर पहिला शोध सख्ख्या भावंडांत घ्यावा, कारण आई-वडील दोघेही हा दोष मूकपणे वाहणारे असले, तर प्रत्येक भावंडाला हा गट असण्याची शक्यता चारात एक असते. ज्याचा गट असा निघेल, त्याने जवळच्या रक्तकेंद्रात नाव नोंदवून ठेवावे. त्याच्या एका फोनने कोणा परक्याचे ऑपरेशन होऊ शकते.

पॉझिटिव्ह, निगेटिव्ह आणि सूनबाईंचे बाळंतपण

आरएच पद्धतीतली डी ही खूण असेल तर पॉझिटिव्ह, नसेल तर निगेटिव्ह. भारतात शंभरांत सुमारे पाच जण निगेटिव्ह असतात. निगेटिव्ह माणसाच्या रक्तात डीविरोधी प्रतिपिंडे आपसूक नसतात. पॉझिटिव्ह पेशी अंगात गेल्यावर ती तयार होतात आणि पुढच्या वेळी त्रास देतात. निगेटिव्ह रक्त पॉझिटिव्ह रुग्णाला चालते, उलट मात्र टाळायचे असते.

स्त्री निगेटिव्ह आणि पोटातले बाळ पॉझिटिव्ह असेल, तर बाळंतपणात बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात जातात. पहिले बाळ बहुधा सुखरूप असते; दुसऱ्याच्या वेळी आईच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे बाळाच्या पेशी फोडू लागतात आणि काविळीपासून पोटातच दगावण्यापर्यंत काहीही होऊ शकते. यावर उपाय आहे, साधे इंजेक्शन आहे: अँटी-डी. ते साधारण २८ व्या आठवड्यात आणि बाळ पॉझिटिव्ह निघाल्यास प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत द्यायचे असते. गर्भपात झाला, तरीही घ्यायचे असते. पहिले बाळ धडधाकट निघाले म्हणून इंजेक्शनचा खर्च वाचवणारी कुटुंबे मी पाहिली आहेत, आणि त्याच सूनबाई दुसऱ्या खेपेला कोणत्या अवस्थेत आल्या, हेही पाहिले आहे. निगेटिव्ह गट असल्याचा तिला किंवा तिच्या माहेराला बोल लावण्यापेक्षा त्या ७२ तासांचा हिशेब ठेवावा.

नात्यातलेच रक्त चांगले का

"घरचंच रक्त द्या, परक्याचं नको" हा आग्रह मायेपोटी असतो, पण तो चुकीचा आहे. आई, वडील, भाऊ, मुलगा यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीराला परक्या वाटत नाहीत, त्या तेथे रुजतात आणि रुग्णावरच उलटतात. असे क्वचित घडते, पण घडले तर वाचणे फार कठीण असते. म्हणून सख्ख्या नात्यातले रक्त द्यायचेच झाले, तर त्यावर आधी किरणांची प्रक्रिया करावी लागते. मूल होण्याच्या वयातल्या बायकोला नवऱ्याचे रक्त देणेही टाळतात, कारण त्याच्या पेशींविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे पुढे त्यांच्याच बाळाला भोवू शकतात. घरच्यांनी रक्तदान जरूर करावे; ते साठ्यात जाईल आणि आपल्या रुग्णाला साठ्यातली जुळणारी पिशवी मिळेल.

दाता १८ ते ६५ वर्षांचा, किमान ४५ किलो वजनाचा आणि १२.५ ग्रॅम हिमोग्लोबिन असलेला हवा. पुरुषांना दोन रक्तदानांत ९० दिवसांचे आणि स्त्रियांना १२० दिवसांचे अंतर लागते. प्रत्येक पिशवी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी, सिफिलिस आणि मलेरिया यांसाठी तपासल्याशिवाय देता येत नाही, त्यामुळे "आत्ता काढा आणि आत्ता चढवा" हे शक्य नसते. पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ जानेवारी १९९८ पासून बंदी आहे. रुग्णालयाच्या फाटकाशी कोणी तशी बोली केली, तर त्याच्या वाऱ्याला उभे राहू नये. रक्ताची किंमत नसते, तपासणी आणि प्रक्रियेचे शुल्क तेवढे असते, आणि थॅलेसेमिया, सिकलसेल व हिमोफिलियाच्या रुग्णांना तेही माफ असते. सांगली-मिरजेची शासकीय रुग्णालये आणि साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालय येथे रक्तकेंद्रे आहेत. कोठे कोणता गट शिल्लक आहे, हे ई-रक्तकोष या संकेतस्थळावर आधी पाहून मगच गाडी काढावी.

मंडळांना एक विनंती आहे. शिवजयंतीला आणि गणेशोत्सवात एकेका दिवशी शेकडो पिशव्या गोळा होतात, पण तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवसच टिकतात आणि प्लेटलेट्स पाचच दिवस. तुटवडा पडतो तो एप्रिल-मे महिन्यांत, कॉलेजांना सुट्टी लागल्यावर. शिबिराची तारीख ठरवण्याआधी रक्तकेंद्राला विचारावे.

पिशवी हातात आल्यावर

पिशवी घेताना खिडकीवरच चार गोष्टी ताडून पाहाव्यात: रुग्णाचे नाव व क्रमांक, गट, पिशवीचा क्रमांक जुळवणीच्या चिठ्ठीवरच्या क्रमांकाशी, आणि वापरण्याची अंतिम तारीख. पिशवी गळत असेल, रक्त काळपट-जांभळे दिसत असेल किंवा वरचा द्रव तांबूस झाला असेल, तर घेऊ नये. दूर न्यायची असेल, तर बर्फाच्या पॅकसह थर्माकोलच्या खोक्यातून न्यावी, पण बर्फ पिशवीला थेट लागू देऊ नये. गोठलेल्या पेशी फुटतात. वॉर्डातल्या किंवा घरच्या फ्रीजमध्ये ती ठेवू नये. गार आहे म्हणून गरम पाण्यात बुडवणे, उन्हात धरणे किंवा काखेत घेऊन बसणे, हे सगळे मी पाहिले आहे आणि यांतले काहीही करू नये. बाहेर काढल्यापासून अर्ध्या तासात चढवायला सुरुवात व्हावी आणि चार तासांत ती संपावी. रुग्णाची शीर सापडली नसेल किंवा डॉक्टर आले नसतील, तर पिशवी आणण्याची घाई करू नये, कारण अर्ध्या तासाहून अधिक बाहेर राहिलेली पिशवी परत घेतली जात नाही.

खाटेपाशी दोन कर्मचाऱ्यांनी मिळून पुन्हा सगळे वाचायचे असते. रुग्णाला "तुम्ही पाटील ना?" असे विचारले, तर गुंगीतला माणूस "हो" म्हणतो, "तुमचं पूर्ण नाव काय?" असेच विचारले पाहिजे. रक्ताच्या नळीतून सलाइन सोडून दुसरे काहीही, साखरेचे पाणीसुद्धा, जाता कामा नये.

पहिली पंधरा मिनिटे रक्त अगदी सावकाश सोडतात, आणि त्या वेळात नातेवाइकाने चहाला जाऊ नये. थंडी वाजून ताप, कंबरेत किंवा छातीत दुखणे, हात भाजल्यासारखी आग, दम लागणे, अंगावर गांधी उठणे, लघवी लाल होणे, किंवा "मला कसंतरीच होतंय, जीव घाबरतोय" असे रुग्णाने म्हणणे, यांपैकी काहीही दिसले तर तत्क्षणी सिस्टरांना हाक मारून रक्त बंद करायला सांगावे. सुई काढायची नसते; नळी बदलून त्याच सुईतून सलाइन चालू ठेवतात. उरलेली पिशवी नळीसकट, रुग्णाचा नवा नमुना आणि लघवी रक्तकेंद्राकडे जाते. बाळंतिणीच्या शेजारी बसलेल्या एका आजीबाईंनी एकदा "पोरीला थंडी भरलीया, आधी हे बंद करा" म्हणून वॉर्ड डोक्यावर घेतला होता. दहा मिलिलीटरही गेले नव्हते, आणि त्यांनी केले ते अगदी बरोबर होते.

पिशवी संपल्यावरही ती लगेच फेकू देऊ नये, एक दिवस तरी जपून ठेवायला सांगावे. घरी गेल्यावर आठ-दहा दिवसांत डोळे पिवळे दिसू लागले, लघवी गडद झाली किंवा वाढलेले हिमोग्लोबिन विनाकारण खाली आले, तर तो उशिरा उमटलेला रक्ताचाच त्रास असू शकतो. कावीळ उतरवणाऱ्याकडे न जाता जुळवणीची चिठ्ठी घेऊन त्याच रुग्णालयात परत यावे.